येते ओ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असणार तरी कसा हो? भुतं तयार करणं हाच माझा धंदा आहे. मी एडिटर आहे, हॉरर सिनेमांचे ट्रेलर कापतो. दिवसभर भजी तळणाऱ्याला भज्यांचं काही वाटत नाही ना, तसंच माझं.

ट्रेलर बघून तुम्ही घाबरता त्यात भुताचा वाटा फार कमी असतो. आधी आम्ही एक हसतंखेळतं कुटुंब दाखवतो. नवीन घर, सामानाचा टेम्पो, पोरीचा वाढदिवस. तेवढ्यात खालून एक घुमणारा आवाज सोडतो, इतका बारीक की तो सुरू झालाय हे कळतसुद्धा नाही. नुसतं उगाच अस्वस्थ वाटायला लागतं. मग अर्धवट उघडं दार... ते गरजेपेक्षा जरा जास्त वेळ दाखवायचं, बास. त्या फटीत तुम्हीच काहीतरी शोधायला लागता. मग छोटे छोटे शॉट, धडाधड — आणि एकदम सगळे आवाज बंद. तुम्ही कान देऊन पुढं सरकता आणि तिथं आम्ही दणका देतो. सिनेमाचं नाव येतं, सुटलो म्हणून तुम्ही श्वास सोडता, आणि काळ्या पडद्यावर कानाशी एक कुजबुज. झालं. एवढंच असतंय सगळं.

तर हे घडलं सोलापुरात, आमच्या घरी. विजापूर रोडला, सैफुलच्या पुढं एका कॉलनीत तळमजल्यावर आमचं घर आहे. रस्त्याला लागून फाटक, मग चार फरश्यांचा ओटा, मग हॉल. महिना मेचा. सोलापूरचा मे ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं हलतं.

होळीच्या सुमाराला माझी आई गेली. सकाळी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता खाली बसली आणि तिची शुद्धच गेली. ॲम्ब्युलन्स आली, अण्णा — माझे वडील — स्ट्रेचरचा दांडा धरून गेले. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. ती एक शब्द बोलली नाही.

आता आमची आई म्हणजे कशी, तर गच्चीवर कुरडया वाळत घालायला निघाली तरी दारातून "येते ओ!" म्हणल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. दूध आणायला, गिरणीला, शेजारच्या काकूंकडं — "येते ओ." आणि अण्णांनी आतून "व्हय, ये" म्हणलं नाही तर तिथंच उभी राहायची. मग अण्णा पेपर ठेवून उठायचे, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दारात थांबायचे, मग दार लावायचे. माणूस गेल्या गेल्या पाठीवर दार लावू नये, हे आमच्या घरात अगदी ठरलेलं.

ती गेल्यापासून अण्णांनी दार लावलंच नाही.

उन्हाच्या झळा आत येतात, रात्री डास येतात, पण दार सताड उघडं आणि समोर खुर्चीत अण्णा. झोप नाही, जेवण चतकोर भाकरी. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन तिथंच राहायला आलो होतो. एकदा अण्णा चक्कर येऊन पडले, सलाईन लावावी लागली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस शरीर साथ देणार नाही. मी अण्णांवर ओरडलो सुद्धा. "दार लावा आणि आडवे व्हा हो जरा! आई गेली, आता मला पोरकं करताय का?"

तर शांतपणे म्हणाले, "सांगून गेलेल्या माणसामागं दार लावतेत रे. ती सांगून गेली न्हाय."

मी आत जाऊन रडलो.

त्याच दिवसांत एका भयपटाचा ट्रेलर हातात होता. डायरेक्टर मुंबईत वाढलेला, मराठी चांगलं, पण आमच्याकडचं नाही. त्याला शेवटच्या काळ्या पडद्यावर बाईच्या आवाजात फक्त "येते..." हवं होतं. मी फोनवर म्हणालो, "अहो, आमच्याकडं 'येते' म्हणून माणूस जातं. त्याला कोण घाबरणार?"

तो म्हणाला, "अरे, धमकी आहे ती! मी येतेय, अशी."

"धमकी नाही, निरोप आहे," मी म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, तू शांततेचं तेवढं बघ.

शांततेचं म्हणजे काय, तर ट्रेलरमधली शांतता खरी कोरी नसते. कोरी ठेवली तर स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं. म्हणून खऱ्याखुऱ्या घरातली शांतता रेकॉर्ड करून तिथं घालतात. मी ठरवलं, आपलंच घर वापरू. दुपारी हॉलमध्ये माइक लावला, कूलर बंद केला, अण्णांना म्हणालो, "जरा वेळ बोलू नका, हलू नका." आणि आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर हेडफोन घालून बसलो.

कानात आमचं घर ऐकू येत होतं. लांब कुठंतरी होला पक्षी घुमत होता. फाटकाची कडी उन्हानं टिक वाजली. मला गुंगीच यायला लागली होती. स्क्रीनवर आवाजाची हिरवी रेघ तळाशी पडून होती...

आणि ती उठली. कुणी दोन शब्द बोलावेत तेवढी वर गेली आणि खाली बसली. कानात मात्र काही नाही. होला सुद्धा गप्प झाला होता.

मग हेडफोनमध्ये अण्णांचा आवाज आला. "व्हय."

मला आधी रागच आला, टेक वाया गेला म्हणून. पण ते पुढं बोलले, "बाळूला हाक मारू का?" बाळू म्हणजे मी.

पुन्हा शांतता. पुन्हा ती रेघ उठली, आता जरा जास्त वेळ, आणि खाली बसली.

"बरं बरं. ये मग. सावकाश ये."

हेडफोन फेकून मी बाहेर आलो. अण्णा दारात उभे होते, चौकटीला हात लावून, कॉलनीच्या वळणाकडं बघत. रस्त्यावर नुसतं पांढरं ऊन. बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली, मागं सरकले आणि दार लावलं. कडी घातली. मला म्हणाले, "कूलर लाव की रे, लई उकडतंय." आणि दिवाणावर आडवे झाले ते संध्याकाळपर्यंत घोरत होते. उठल्यावर भाकरी मागितली, वर शेंगाचटणीत दही कालवून मागितलं!

ते रेकॉर्डिंग मी कितीतरी वेळा ऐकलं. अण्णांचे शब्द स्वच्छ आहेत. रेघ उठली होती त्या मधल्या जागा मात्र सपाट. आवाज वाढवून, ताणून, उलटा वाजवून, जे जे माझ्या धंद्यात येतं ते सगळं करून बघितलं. काही नाही. सैल केबलनं सुद्धा रेघ उडते, हे दुसऱ्या कुणाला मीच सांगितलं असतं. पण तेव्हा खरखर तरी ऐकू यायला हवी. ऊन डोक्यात गेलं असेल म्हणा, अण्णांच्या मनाचे खेळ म्हणा, मी वाद घालणार नाही. डायरेक्टरला मात्र कळवलं की तो शब्द माझ्या हातून घाबरवायला वापरला जाणार नाही, दुसरा एडिटर बघा. तो चिडला, पण मी हटलो नाही.

अण्णा आता बरे आहेत. दुपारी दार लावून झोपतात. मी भ्यायलो का, असं विचाराल तर नाही. उलट मला हेवा वाटला, अण्णांचा. मी पण घरातच होतो की! शेवटी राहवेना, एकदा जेवताना विचारलंच, "अण्णा, तुम्ही माझं नाव घेतलंत तेव्हा... काय म्हणाली ती?"

अण्णांनी घास खाली ठेवला.

"नको म्हनली. पोरगं कामात हाय, राहू द्या म्हनली."