अमीनाचाचींनी मागितलेली माफी

आज शेजारून उदाचा वास आला आणि अमीनाचाची दारात उभ्या आहेत असं वाटलं. सोलापुरात आमच्या गल्लीत त्या बांगड्या भरायच्या. मी नवी सून होते. मी परसात रडत बसते, हे त्यांनी सहज सासूबाईंना सांगितलं आणि मला फार बोलणी बसली.

पुढं हजला निघताना त्या घरोघर माफी मागत फिरल्या. आमच्या उंबऱ्याशी येऊन त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा काचेनं चिरून खरखरीत झाला होता.

"बेटी, तेरा दिल दुखाया मैं. माफ कर."

"आमच्या सुनंला जीभच न्हाय," सासूबाई हसल्या. "मी सांगते की, केलं माफ. जावा निवांत."

"तुम नक्को बोलो, उसकू बोलने दो. जिसका दिल दुखाया, उसीकूच माफ करना पडता. नै तो कयामत के दिन अल्ला मेरेकू इसके सामनेच खडा करिंगा."

मी मान खाली घालून गप्प राहिले. लाजले, असं त्यांना वाटलं. पण माझी कुणी माफी मागायची ती पहिलीच वेळ होती आणि मला ती इतक्यात सरू द्यायची नव्हती. परत आल्यावर सांगू, असं मनात म्हटलं.

चाची हजच्या बोटीवरच वारल्या.

तेव्हा वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीला म्हातारी किती घाबरते. आता माझंही वय झालं. चुलीपुढं बसून कितीदा तरी "केलं माफ" म्हणते, पण ते तिथं पोचतं का, कोण सांगणार? कयामतीला, त्या निवाड्याच्या दिवशी, सगळं जग गोळा होतं म्हणे. तेवढ्या माणसांपुढं चाचींसाठी माझ्या तोंडून शब्द फुटेल ना, याचीच धास्ती वाटते.