क्लीनर साइडचं दार

बंकट माझ्या दुकानात येतो तो कचरा न्यायला. नेकनूरच्या स्टँडसमोर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. पुढाऱ्यांचे वाढदिवस, निवडी, अभिनंदनं, दहावे, वर्षश्राद्धं, सगळ्यांचे चेहरे माझ्याच मशिनीतून निघतात. फ्लेक्स चिकटवायचा फोमचा जाड पुठ्ठा, सनबोर्ड, कापून झाला की पट्ट्या उरतात, त्या मी एका खोक्यात टाकतो. बंकट ते खोकं पुढ्यात ओढतो, उकिडवा बसतो आणि बायका बाजारात भेंडी निवडतात तशी एकेक पट्टी वाकवून बघतो. "फुकट न्यायला लाज वाटत न्हाई का बे?" असं मी म्हणतो. तो पुढची पट्टी उचलतो. पूर्वी निदान शिवी तरी द्यायचा.

या पट्ट्यांच्या तो मोटारी करतो. साध्यासुध्या नाहीत, ड्रॅग रेसच्या. हा प्रकार अमेरिकेतला. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, समोर सरळ डांबरी रस्ता, हिरवा दिवा लागला की सुटायचं, आणि आपला तंबाखू मळून होईपर्यंत शर्यत खलास. शेवटाला गाडीच्या मागून छत्री उघडते आणि तिच्या ओढीनं गाडी थांबते. बंकटनं पहिल्यांदा मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी म्हणालो, "हे तर शंकरपटच झालं की, बैलाबिगर." त्यावर तो म्हणाला, "हां." एवढंच. पुन्हा तोच व्हिडिओ लावून बघत बसला.

गाडी वीत-दीड वीत लांबीची. अंग सनबोर्डचं, त्यावर एमसील थापून पॉलिश पेपरनं असं घासलेलं की हात फिरवला तर लोखंडच वाटावं. इंजिनाची धुराडी म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडून आणलेल्या इंजेक्शनच्या सुया, वाकवून दोन्ही बाजूंना ओळीनं लावलेल्या. पुढची चाकं औषधाच्या बाटलीच्या झाकणांची, मागची जाडजूड चाकं फवारणी पंपाच्या रबराची. बॉनेटवरच्या आगीच्या ज्वाळा तो मेंदीच्या कोनात रंग भरून काढतो. मागच्या छत्रीसाठी माझी चांगली छत्री गेली, तिचं मला अजून वाईट वाटतं. मागच्या चाकांमागं रस्त्यावर रबर जळतं त्याची काजळी हवी म्हणून तो समई पेटवून वर पत्रा धरतो. बॉनेट उघडतं, डिकी उघडते, ड्रायव्हरचं दार उघडतं, आत टाचणीएवढा गिअरसुद्धा हलतो.

फक्त बंकटच्या गाडीत दोन सीट असतात. रेसच्या गाडीत एकटा ड्रायव्हर, दुसरं कुणी नसतंच. पण आमच्या भागात एकटी गाडी रस्त्याला लागते कुठं? उजवीकडे ड्रायव्हर, डावीकडे क्लीनर, अशीच गाडी असते. बंकटनं अमेरिकेच्या गाडीलाही क्लीनरची सीट दिली, तीवर रेक्झिनचा तुकडा चिकटवला. मी लई हसलो होतो तेव्हा. "त्यो क्लीनर काय करनार बे, आरसा पुसनार का?" 

बंकट पूर्वी ट्रकवर होता. त्याचा क्लीनर म्हणजे त्याचा सख्खा मेव्हणा, सटवा. बायकोचा, बबितावहिनींचा, धाकटा भाऊ. दाजी-मेव्हण्याची ती जोडी ढाब्याढाब्यावर ठाऊक होती. सटवा बडबड्या, गाणी म्हणणारा, दाजींच्या नावानं हॉटेलात उधारी करणारा. चार वर्षांपूर्वी सरकीच्या पोत्यांनी भरलेली गाडी मांजरसुंब्याच्या घाटात चढावर बंद पडली. अशा वेळी क्लीनरचं काम ठरलेलं असतं, खाली उडी मारायची आणि मागच्या चाकामागं दगड लावायचा. सटवा उतरला. गाडी मागं आली.

बंकटनं पोलिसांना सांगितलं, "गाडी मागं आली." सासूला, भामाबाईंना, तेच सांगितलं. भावकीला तेच. चार वर्षांत त्या तीन शब्दांना चौथा शब्द लागला नाही. सटवाच्या श्रद्धांजलीचा बोर्ड मीच छापला. रोजचे एवढे मेलेले चेहरे मशिनीतून जातात की मला आता काही होत नाही, पण त्या दिवशी शाई नीट आली आहे का हे बघताना मला तो फोटो सटवाचा आहे हेच डोक्यात शिरत नव्हतं. रंग बघितला, कडा बघितल्या, गुंडाळून दिला. रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही.

बंकटनं स्टिअरिंग सोडलं ते सोडलंच. आता तो ट्रॉल्या तयार होतात त्या कारखान्यात वेल्डिंग करतो, चालत जातो, चालत येतो. तिथल्या आवारात ट्रॅक्टर दोन हात पुढं घ्यायचा असला तरी दुसऱ्याला हाक मारतो. घरी आला की जेवतो आणि गाड्या करत बसतो. वहिनी भाकरी वाढतात, तो खातो. भांडण नाही, आदळआपट नाही. मी कधी गेलो तर त्या घरात पंख्याचाच काय तो आवाज.

वहिनींना एकच गोष्ट हवी होती. त्या दिवशी घाटात काय झालं, ते नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. गेल्या महिन्यात त्या सटवाच्या चौथ्या पुण्यस्मरणाचा बोर्ड करायला आल्या तेव्हा त्यांनी मला सरळच सांगितलं.

"भाऊजी, तुमाला तरी बोलले का हे कायी?"

"न्हाई वहिनी."

"मला भांडायचं न्हाई त्यांच्यासंगं. एकदा सांगावं, बास. मुक्या माणसासंगं किती दिवस काढायचे? दिवाळी झाली की मी पाटोद्याला जाते, आईकडं. परत यायची न्हाई."

हे त्या बाजाराची पिशवी सांभाळत, सुट्टे पैसे मोजून घेत बोलल्या. आवाज जराही हलला नाही. मला त्याचीच भीती वाटली. बाई रडली असती तर मी काहीतरी समजूत घातली असती.

मला मूलबाळ नाही, बंकटलाही नाही. आम्ही दोघं एका शाळेतले. त्याचं घर मोडलं तर मी कुणाच्या घरी जाऊन फुकटचा चहा पिणार? म्हणून मी माझ्या अकलेनं एक उद्योग केला. बंकटच्या लाल गाडीचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. पुण्यात अशा छोट्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथल्या एका गृहस्थांचा फोन आला. फार सभ्य माणूस. म्हणाले, दोन सीटची कल्पना मजेशीर आहे, तशीच राहू द्या, पहिल्या रांगेत ठेवू. फक्त व्हिडिओत डावीकडचं दार उघडलेलं दिसलं नाही. सगळं उघडतं, तेवढंच उघडत नाही. तेवढं करून पाठवा.

बंकटनं दुकानात ठेवायला दिलेली दुसरी गाडी मी काढून बघितली. खरंच, डावं दार पक्कं. फटीत फेविक्विक भरून वरून रंग मारलेला. घरी जाऊन तिसरी बघितली, बंकटनं माझ्या वाढदिवसाला दिलेली. तिचंही तसंच. इतकी वर्षं त्या गाड्या हाताळल्या आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण क्लीनर साइडचं दार कोण उघडून बघतो?

मला वाटलं, एवढंसं काम. दार सुटेल, गाडी पुण्याला जाईल, पेपरात फोटो येईल, माणूस जरा खुलेल, चार शब्द बोलेल. दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले होते. रविवारी दुपारी मी कटर खिशात घालून त्याच्या घरी गेलो.

बंकट ओसरीवर पोतं अंथरून बसला होता. लाल गाडी पुढ्यात, मागच्या चाकाला काजळी लावणं चाललं होतं. आत वहिनी तूर पाखडत होत्या. सुपाचा आवाज येत होता. कोपऱ्यात त्यांची पेटी दिसली, वर दोन लुगडी घडी करून ठेवलेली, आईसाठी असावीत. म्हणजे बाईनं आवराआवर सुरू केली होती. बंकटला ती पेटी दिसत नसेल असं नाही. तो तिच्याकडे पाठ करून बसला होता.

मी पुण्याचं सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून. पेपर, फोटो, शाल-श्रीफळ. तो काजळी लावत राहिला.

"फकस्त ते डावं दार मोकळं करून दे," मी म्हणालो.

"ते उघडत न्हाई."

"तूच चिकटवलंय की. सोडव."

"न्हाई."

"कावून पन?"

 त्यानं फडक्यानं बोट पुसलं, पुन्हा काजळीत बुडवलं.

मला राग आला. खरा राग आला. चार वर्षं या माणसाच्या तोंडाला कुलूप आहे, घरातली बाई पेटी भरते आहे, मी मर मर करून याच्यासाठी पुणं गाठतो आहे, आणि हा मला 'न्हाई' म्हणतो. मी गाडी उचलली, खिशातलं कटर काढलं आणि डाव्या दाराच्या फटीत टोक घातलं. रंगाचा बारीक टवका उडाला.

बंकटनं माझं मनगट धरलं. वेल्डिंगवाल्याचा हात, हाड मोडतं की काय असं वाटलं.

"नकू बे," तो म्हणाला. "उघडलं की उतरंल त्यो."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो रडत नव्हता, चिडलाही नव्हता. 'पाणी दे' म्हणावं तशा आवाजात तो बोलला होता. पण मनगट सोडत नव्हता.

"कोन उतरंल?" मी विचारलं. विचारायला नको होतं, मला कळलं होतं.

"म्हनून तर ही गाडी करतो," तो म्हणाला. "हिला घाट न्हाई. चढ न्हाई. दगड लागत न्हाई हिला, छत्रीनंच थांबती. हिच्यात कुनाला उतरावं लागत न्हाई."

आतला सुपाचा आवाज थांबला होता. वहिनी दाराच्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. बंकटची पाठ त्यांच्याकडे होती, पण त्या आल्या हे त्याला समजलं असणार, कारण त्यानं माझं मनगट सोडलं आणि हात मांडीवर ठेवले.

"त्यो उतरत नव्हता," बंकट म्हणाला. माझ्याशी नाही, समोरच्या भिंतीशी. "फोनवर बोलत बसलाता. मी दोनदा म्हनलो. तिसऱ्यांदा वरडलो, 'उतर बे, दगड लाव, पाय दुकायलाय ब्रेकवर.' तवा उतरला. मी म्हनलो म्हनून उतरला. मंग माझा पाय घसरला का ब्रेकच गेला, मला अजून कळंना. पन उतर म्हनलो ते मीच."

एवढं सलग बोलणं मी त्याच्या तोंडून चार वर्षांत ऐकलं नव्हतं. बोलून झाल्यावर तो थांबला, जणू आता काय व्हायचं ते होऊ दे. मी वहिनींकडे बघायला धजावलो नाही. वाटलं, झालं. बाई आता पेटी उचलणार. तिला हवं होतं ते मिळालं आणि माझ्याच मूर्खपणानं मिळालं. पळून जावं असं वाटत होतं, पण उठलो तर कुणाच्या तरी अंगावरून जावं लागलं असतं.

वहिनी पुढं आल्या. पोत्याच्या कडेला, नवऱ्याच्या समोर खाली बसल्या. हाताला तुरीचा भुसा लागला होता तो त्यांनी पदराला पुसला.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

बंकटनं मान वर केली.

"तुमी वरडलेलं मी ऐकलं. फोन माजाच होता."

पंखा चालूच होता. गाडीची छत्री वाऱ्यानं थोडी फुगून खाली बसली.

"पाटोद्याची एक पोरगी बगितलीती त्याच्यासाटी," वहिनी सांगू लागल्या, तशाच सपाट आवाजात. "तेच सांगत व्हते. त्यो नकू म्हनत व्हता, मी सोडत नव्हते. तुमी दोनदा हाक मारली ती बी ऐकली. मी म्हनायचं न्हाई का, जा बाबा आदी, काम कर? न्हाई म्हनले. एका हातानं दगड उचलाय गेला आसंल त्यो. दुसरा हात कानाला."

"मंग बोलली कावून न्हाई?" बंकटचा आवाज फुटला. "चार वर्सं?"

"तुमी सांगितल्यावर सांगनार व्हते."

दोघं एकमेकांकडे बघत बसले. मी कटर मिटून खिशात टाकलं, तरी कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मग बंकटनं फार हळू विचारलं, "शेवटाला काय म्हनला त्यो?"

वहिनींनी लाल गाडी जवळ ओढली. डाव्या दाराजवळ टवका उडाला होता तिथं बोट ठेवलं आणि बोट तसंच ठेवून म्हणाल्या,

"'दाजी दगड लाव म्हनत्यात. फोन ठिवू नकू, लगीच बोलतो,' म्हनला. मी न्हाई ठिवला."