नक्षीची नक्कल

वडगावात आमचे दोन माग. आप्पांनी एकदा फक्त आईसाठी काठाची नक्षी काढली होती. कुयऱ्या आणि त्यांच्यामधून पळणारी बारीक वेल. त्या नक्षीची एकच साडी विणली, गिऱ्हाइकाला कधी दाखवलीसुद्धा नाही. आई गेल्यावर नक्षीच्या कागदाला वाळवी लागली, म्हणून मी घाईघाईने कागदावरचा एकेक चौकोन भरत ती नक्षी कॉम्प्युटरात घातली. प्रोग्रॅमिंगच्या क्लासला जात होते, आपल्याला सगळं येतं असं वाटायचे दिवस. उरलेला कागद आप्पांनी टाकून दिला.

यंदा संकेश्वरच्या एका दुकानदाराला नुसत्या कुयऱ्यांचा काठ हवा होता, म्हणजे आईचाच, फक्त वेलीविना. आप्पा चक्क "दे" म्हणाले. मी वेल पुसणारं फंक्शन लिहिलं, म्हणजे तेवढं एकच काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा. त्याच्या हवाली नक्षी केली आणि काठाची रुंदीही. तयार काठ वेगळ्या नावाने ठेवला. शेवटी प्रोग्रॅमने जुनी आणि नवी अशा दोन्ही फाइली सेव्ह केल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "जुनी दाव की गं जरा." उघडली, तर तिच्यातही वेल नाही. मी "कॉम्प्युटर अडकलाय" म्हणून वेळ मारून नेली.

माझं डोकंच चालेना. फंक्शनने आत रुंदीचा आकडाही बदलला होता, पण बाहेर माझा आकडा जसाच्या तसा. मग नक्षीनेच काय घोडं मारलं होतं? क्लासच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "आकड्याची नक्कल आत जाते. नक्षीसारखी मोठी यादी असली की ती कुठं ठेवलीय तेवढंच कळवलं जातं. फंक्शननं तिथं जाऊन मूळच पुसलं." मी "हो, हो" म्हटलं. कळलं थोडं, पटलं काहीच नाही. फंक्शनच्या एकाच कंसात शेजारी-शेजारी दिलेल्या दोन गोष्टी, आणि एकीला एक न्याय, दुसरीला दुसरा! भयंकर संताप आला, पण काढायचा कुणावर?

आप्पांचा हात आता थरथरतो, पेन्सिल धरवत नाही. मग एकदम सुचलं, साडी आहे की! कापडावरचे धागे मोजून नक्षी पुन्हा उतरवता येते, आमच्याकडे सगळेच तसं करतात. जिवात जीव आला.

"आप्पा, आईची ती हिरवी साडी कुठल्या ट्रंकेत हाय?"



"तीच नेसवून पाठवली न्हवं तिला. तूच काढून दिलतीस की गं."