दोष सापडेपर्यंत

आमचे हे चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. आता निवृत्त झालेत, म्हणजे घरातल्या वस्तूंचे बारा वाजलेत. मिक्सर, पंखा, माझं शिलाई मशीन, कुणाचीही सुटका नाही. धड चालणारी वस्तूसुद्धा मला यांच्या नजरेआड ठेवावी लागते, कारण एखादी गोष्ट आपली आपण धड चालते हे या माणसाला पटतच नाही.

यांच्या कामाची एक पद्धत आहे. लिफ्ट बंद पडली की दाराला ‘काम चालू आहे’ची पाटी अडकवायची, आत उतरायचं आणि दोष सापडेपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. वरून माणसं विचारत राहायची, काय झालंय, किती वेळ लागेल. हे मूग गिळून बसायचे. अर्धवट सांगितलं की लोक तेवढंच धरून बसतात, असं यांचं म्हणणं. एका वेळी एकच बदल करायचा, चालवून बघायचं, वहीत लिहायचं, मग दुसरा. चौतीस वर्षांत यांच्या हातून एकही अपघात झाला नाही, हे मी मान्य करते. पण लिफ्टशी बोलावं लागत नाही, माणसांशी लागतं, हे यांना कोण सांगणार?

आम्हाला एकच मुलगा. एकतीस वर्षांचा आहे, दारातून वाकून यावं लागतं इतका उंच, आणि घरात त्याचं नाव टिल्लू. यांनी साहेबांच्या हातापाया पडून त्याला स्वतःच्या कंपनीत चिकटवलं होतं. त्यानं वर्षभरात राजीनामा दिला आणि दुसऱ्या शहरात जाऊन स्वतःचं काम शोधलं. यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘माझं नाक कापलंस’ एवढंच म्हणाले आणि चार वर्षं त्याच्याशी फोनवर बोलले नाहीत. तो दर बुधवारी मला फोन करायचा, तेव्हा हे मुद्दाम गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी बघायचे. त्या टाकीला कधीच काही झालेलं नव्हतं.

त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर मात्र इथेच राहिला. दोन वर्षांपूर्वी यांनी धूळ झाडायला म्हणून तो उघडला. मग चालू करून बघितला. मग काय झालं ते बाप-लेकच जाणोत, पण तेव्हापासून दर शनिवारी दुपारी तीनला हे कानांना हेडफोन लावून बसायला लागले. तिकडे टिल्लू बसायचा. दोघं मिळून कुठल्याशा पडक्या शहरात शिरायचे आणि दिसेल त्याला गोळ्या घालायचे. डावीकडे, थांब, गोळ्या संपल्या, मागे बघा बाबा. दोन वर्षांत त्यांच्यात याच्यापलीकडे बोलणं झालं नसेल. मी चहा ठेवायच्या निमित्ताने दाराशी उभी राहून ऐकायची. मला तेवढं पुरत होतं, खोटं कशाला बोलू?

मग ते मशीन बिघडलं. शनिवार होता, खेळ सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली होती. टिल्लू म्हणाला, “बाबा, एक सांगायचं होतं.” त्याच क्षणी आतला पंखा घरघरला, पडद्यावर रंगीत चौकोन उमटले, आवाज अडकला आणि सगळं काळं झालं. यांनी पुन्हा चालू केलं, पण तोवर त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला होता. मला हे यांनी रात्रीच्या जेवणात सांगितलं, नळ गळतोय म्हणून सांगावं तसं.

मी म्हटलं, फोन करून विचारा की काय सांगायचं होतं. तर म्हणे, त्यानं तिथे सुरुवात केलीय, तिथेच पुरं करेल. आणि मला ताकीद, त्याला मशीनचं अवाक्षर सांगायचं नाही. खेळ सुरू झाला तेव्हा तो म्हणाला होता म्हणे, हे मशीन फार दिवस टिकणार नाही, आणि यांनी छाती ठोकून सांगितलं होतं की माझ्या हाताखाली काही बंद पडत नाही. आधी दोष सापडू दे, मग मी स्वतः सांगेन. बरं बाई, म्हटलं. तुमचं मशीन, तुमचा मुलगा.

पुढच्या शनिवारी हे जणू काही झालंच नाही असे खेळायला बसले. विसाव्या मिनिटाला तेच. टिल्लू परत म्हणाला होता, “बाबा, ते मागच्या वेळचं,” आणि परत काळं. आमच्या पोरालाही बापाशी बोलायचा धीर यायला वीस मिनिटं लागतात, हे त्या मशीनला कसं कळलं कोण जाणे.

तेव्हा यांनी कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आणला आणि उघडला. पाटी तेवढी लावायची राहिली होती. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. पहिल्या दिवशी पडद्याची वायर बदलली. दुसऱ्या दिवशी आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं पुसल्या. मग कॉम्प्युटरच्या दुकानदाराला विचारून कसलासा प्रोग्रॅम काढला, परत घातला. मग त्याच्याकडूनच वीज पुरवणारा डबा दोन दिवसांसाठी मागून आणला. प्रत्येक वेळी गेम लावायचा, घड्याळ समोर ठेवायचं, वीस मिनिटं बघायचं. काळं झालं की वहीत लिहायचं. शेवटी पडद्यावरचं चित्र तयार करणारा जो जाड पाटा असतो, ते ग्राफिक्स कार्ड, तेवढं बाहेर काढलं आणि त्याच्याशिवाय मशीन चालवलं. गेम काही चालेना, पण मशीन दिवसभर बंद पडलं नाही. गुन्हेगार सापडला, म्हणाले. चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नाही. माझ्याही नव्हता.

त्याच आठवड्यात बुधवारी टिल्लूचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि त्यानं विचारलं, “आई, बाबा तुला काही बोलले का?”

मला वाटलं, याला मशीनचा वास लागला. यांची ताकीद डोक्यात होती. मी म्हटलं, “नाही रे. ते काय बोलणार? तू त्यांना विचारूच नकोस आता.”

तो बरं म्हणाला. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, स्वतःची काळजी घे म्हणाला आणि फोन ठेवला. मी भांडी घासायला गेले.

तिसऱ्या शनिवारी कार्ड टेबलावर काढून ठेवलेलं होतं, त्यामुळे खेळ नाही. त्यानंतरच्या आठवड्यात यांनी त्याचे स्क्रू काढले. दोन पंख्यांपैकी एक फिरतच नव्हता आणि आतलं उष्णता वाहून नेणारं मलम वाळून खडूसारखं झालं होतं. वीस मिनिटांत ते इतकं तापायचं की स्वतःच हाय खायचं. पंखा मागवला, तो यायला चार दिवस लागले. जुनं मलम कापसानं पुसलं, नवं लावलं. त्या बुधवारी टिल्लूचा फोन आला नाही. कामात असेल, असं मी धरून चालले. शुक्रवारी मशीन सलग तीन तास चाललं. यांनी वहीत ‘दोष दूर’ लिहून खाली सही केली. स्वतःच्या घरात, स्वतःच्याच वहीत सही!

शनिवारी हे अडीचलाच हेडफोन लावून बसले. तीन वाजले, साडेतीन वाजले. ठिपका हिरवा होईना. चार वाजता मी फोन उचलला, टिल्लूला लावला आणि यांच्या हातात कोंबला, आवाज मोठा करून. आता दोष सापडलाय ना, म्हटलं, मग बोला.

“मशीन बिघडलं होतं,” हे म्हणाले. चार वर्षांनंतर मुलाला फोनवर पहिलं वाक्य हे. “कार्ड तापत होतं. दोन्ही वेळा तू बोललास आणि बंद पडलं. काय सांगायचं होतं?”

मग टिल्लू म्हणाला, “म्हणजे तुम्ही बंद केलं नव्हतं?”

“नाही.”

“लग्नाचं विचारायचं होतं. नोंदणी होती. साक्षीदार म्हणून सही करायला याल का, एवढंच.” मग म्हणाला, “परवा झालं, बाबा. गुरुवारी.”

मुलगी त्याच्याच ऑफिसातली. तिचे आईवडील आले होते. आपल्याकडून कुणीच नव्हतं. तुम्ही येणार नाही असं समजलो, म्हणाला, आणि आईला एकटीला बोलावून तिची पंचाईत कशाला करायची? तो चिडून बोलत नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

“मग सही कोणी केली?” यांनी विचारलं.

“कचेरीच्या खाली झेरॉक्सचं दुकान आहे. त्या माणसानं.”

यांनी फोन तोंडाजवळ धरला. मग विचारलं, “नीट केली ना त्यानं?”

“हो बाबा.”

मग सुनेनं फोन घेतला आणि नमस्कार केला. हे खुर्चीतून उठून उभे राहिले, जणू ती समोर आलीय. घर कसं आहे, विचारलं. लिफ्ट आहे का, विचारलं. मी काय बोलले ते मला आठवत नाही. मला रडूही आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की दुधाखालचा गॅस बंद केलाय की नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही जाणार आहोत, तिकिटं काढलीत. शनिवारचा खेळ पुन्हा सुरू झालाय. टिल्लू आता गोळ्या संपल्या याच्याशिवायही दोन वाक्यं बोलतो. त्या बुधवारच्या फोनचं त्यानं मला अजून विचारलेलं नाही, आणि विचारेल असं वाटत नाही. हे मात्र दिसेल त्याला सांगत सुटलेत, दुकानदाराला, शेजाऱ्यांना, पेपरवाल्याला, की त्या कार्डाच्या पायी आमचं मुलाच्या लग्नाला जाणं हुकलं. काल जेवताना मला म्हणाले, आपल्याला कळलं असतं तर आपण गेलो असतो, नाही का गं? मी हो म्हटलं आणि त्यांना भात वाढला.