एकही खाडाखोड नसलेली वही

ती जाऊन महिना झाला. पनवेलच्या मुलींच्या शाळेत सातवीला आम्ही एका बाकावर बसत होतो आणि पुढची सगळी वर्षं एकमेकींच्या घरी जात-येत राहिलो. सातवीत तिच्याविरुद्ध एक तक्रार झाली होती. ती मी केली होती. तिला हे कळलं होतं का, ते शेवटपर्यंत मला विचारता आलं नाही.

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील. शाळेत पुण्याहून ट्रेनिंग घेतलेल्या एक तरुण बाई आल्या. शनिवारी शेवटच्या दोन तासांना त्या बाक भिंतीला लावायला सांगत. प्रत्येकीने आधी स्वतःच्या मनाचं काहीतरी लिहायचं, मग ते करून दाखवायचं आणि जमलं तर पावलांवर बसवायचं. गावात लगेच कुजबुज सुरू झाली. "निबंधाच्या तासाला नाच कसला गं?" असं काकूने मला दोनदा विचारलं. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्या शनिवारी दारापाशी येत, आत न येता बघत आणि निघून जात.

मी पुस्तकात डोकं घालून बसणारी, म्हणून वह्या गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या बाकावरची ती गव्हाणची, वडील मिठागरावर कामाला. मामाकडे विचुंब्याला राहून रोज चालत शाळेत यायची. तिच्या 'हाय-नाय'ला मुली हसत. मामाने सांगून ठेवलं होतं, शाळेतून एक जरी बोभाटा आला तरी शाळा बंद.

एका शनिवारी तिने मिठागरावरच्या बायकांवर लिहिलं. डोक्यावर मिठाची टोपली असली की मान वळत नाही, म्हणून हाक आली की बाई सगळीच्या सगळी वळते, असं त्यात होतं. मला ते सुचलं नसतं. शिवाय दोन पानांत एकही खाडाखोड नव्हती. माझ्या वहीत ओळीला दोन शब्द खोडलेले असत. स्वतःचं लिहिणाऱ्याला खोडावंच लागतं, अशी माझी खात्री होती. वाचनालयात जाऊन मी जुनी मासिकं चाळली. त्यात काही सापडलं नाही, तेव्हा तर संशय आणखी वाढला. मी मोठ्या बाईंकडे गेले.

सोमवारी त्या तिची वही घेऊन वर्गात आल्या.

"उभी राहा. हे कुठून उतरवलंस?"

"नाय उतरवलं, बाई. माजंच हाय."

"मग खाडाखोड कशी नाही?"

हे शब्द माझे होते.

"येताना चालत चालत जुलवते, बाई. शालेत पोचेपरत झालेलं असतं."

"म्हणजे विचुंब्याच्या रस्त्यावर निबंध उगवतात!" वर्ग हसला. "आता माझ्यावर लिही. इथं, माझ्यासमोर. नाही जमलं तर मामांना बोलावते."

ती हात बांधून उभी राहिली. तिला काहीच सुचेना. मागे आमच्या शनिवारच्या बाई उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तिला चालू द्या ना."

ती फळ्यापासून दारापर्यंत गेली, परत आली. तिसऱ्या खेपेला चाल बदलली. उजवा पाय दणकन पडला, डावा मागून सावकाश आला. मोठ्या बाई अशाच चालत. आता शाळेतून हिचं नाव कटलं, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. ती खाली बसली आणि न थांबता लिहीत गेली. मोठ्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं:

"मोठ्या बाई येती, वर्ग उभा होतो. एक पाय बोलतो, दुसरा ऐकतो."

"मी अशी चालते?"

"हां, बाई. डावा दुखतो का?"

मोठ्या बाईंनी वही मिटून तिच्या हातात दिली. मामांना बोलावणं गेलं नाही. पण पुढच्या शनिवारपासून बाक जागचे हलले नाहीत.

सुट्टीत तिने विचारलं, "कोन बोलली गं?" मी डबा उघडून खायला लागले आणि मग पाणी प्यायला वर्गाबाहेर गेले.

पुढे ती दर उन्हाळ्यात मला जाडं मीठ पाठवायची. पिशवी घेताना दर वेळी वाटे, हिला ठाऊक आहे. मग वाटे, ठाऊक असतं तर पाठवलं असतं का?

गेल्या आठवड्यात तिच्या मुलीकडे गेले आणि एकदाचं सांगून टाकलं.

"ठाव हाय, मावशी," ती म्हणाली. "घरात सगल्यांना ठाव हाय."

"तिला कोणी सांगितलं?"

"कोनी नाय. त्या दिवशी तुमी वर्गातून पानी प्यायला गेल्या, तेव्हाच कललं म्हने. आई करून दाखवायची आमाला."

मुलगी उठली. खांदे आत ओढून, एक हात भिंतीला लावून, पावलं न वाजवता दारापर्यंत गेली. ती मीच होते.

"रागावली होती का गं?"

"ते कदी नाय बोलली. पन हे करायला लागली का आमी सगले हसून लोलायचो. आई तेवढी हसायची नाय."