खडूची रेघ आणि क्लच प्लेट

बाबांनी आयुष्यात एकदाच गाडीचे हाल केले, आणि तेही माझ्या छापील सूचनांनुसार.

ही लखनौतली गोष्ट, ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. आम्ही मूळचे सांगलीकडचे. बाबा लखनौच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते आणि इंदिरा नगरात, जिथे तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते, आम्ही राहत होतो. मी एमएस्सी अर्धवट सोडून एका हिंदी दैनिकात उपसंपादक झालो होतो. पाहुण्यांनी चौकशी केली की बाबा सांगत, "मोठा सध्या छपाईत आहे." (ऐकणाऱ्याला वाटे, मी लग्नपत्रिका छापतो!) घरी इंग्रजी पेपर येई. माझा पेपर आई शेजारच्या शुक्लाजींकडून मागून आणी आणि बाबा कामावरून यायच्या आत वाचून परत करी.

जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली विद्यापीठाचा एक कोरा फॉर्म होता. एमएस्सीला पुन्हा प्रवेश घेण्याचा. दर उन्हाळ्यात जुना निघे, नवा येई. तीन वर्षं मी त्या फॉर्मवर ताट ठेवून जेवलो.

अशात रविवारच्या पुरवणीत तरुणांसाठीचं अर्धं पान माझ्याकडे आलं. पान भरायला मजकूर नव्हता. हजरतगंजच्या फुटपाथवर एक कव्हर फाटलेलं विलायती मोटार-मासिक मिळालं. त्यात गाडी जागेवर उभी ठेवून चाकं गरगर फिरवायची आणि टायरमधून धूर काढायचा, याची रीत दिली होती. याला ते लोक बर्नआउट म्हणतात. गाडीला इजा होऊ न देता तो कसा करावा, हे पायरीपायरीनं लिहिलं होतं. मी त्याचं हिंदीत भाषांतर केलं आणि वर मथळा दिला: 'गाड़ी सलामत, धुआँ ज़ोरदार!' दोन ओळींत, जाड टायपात, खाली माझ्या नावासकट.

पान लावताना फोरमन म्हणाला, "भैया, चार लाइन ज़्यादा हैं. काटो."

मी चार ओळी कापल्या. कोणत्या, ते पुढे येईलच.

रविवारी सकाळी शुक्लाजी पेपर नाचवत थेट आमच्या दारात आले. "डॉक्टर साहब! बेटे का नाम छपा है! पूरा नाम!"

बाबांनी पेपर घेतला. खिशातलं लाल पेन काढलं. (ते किराण्याची यादीसुद्धा लाल पेन हातात धरूनच वाचत.) लेख दोनदा वाचला. एकही खूण केली नाही. आई दारामागून बघत होती. मला वाटलं, तीन वर्षांत पहिल्यांदाच आज काहीतरी चांगलं घडणार.

"ही पद्धत तपासलीस?" बाबांनी विचारलं.

"छापून आलंय म्हणजे तपासलेलंच असणार."

"तू स्वतः?"

"मला गाडी कुठे चालवता येते, बाबा?"

बाबांनी लाल पेन पुन्हा खिशात लावलं. गाडी चालवता न येणाऱ्या माणसानं गाडी कशी चालवावी यावर अर्धं पान लिहिलं होतं, आणि तो माणूस त्यांच्याच घरात पोहे खात होता.

"ठीक. मग प्रयोग करून बघू." त्यांनी काच उचलली आणि फॉर्म बाहेर काढला. "लेख बरोबर निघाला तर हा फाडून टाकेन. पुन्हा या घरात एमएस्सीचा विषय नाही. चूक निघाला तर उद्या विद्यापीठात जायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. मागे हटायला जागाच कुठे होती? लेखावर नाव होतं!

"अहो, गाडीवर कसले प्रयोग करताय?" आई बाहेर आली. "सहा वर्षं नंबर लावून मिळालीये ती!"

"गाडीला इजा होत नाही, असं छापलंय," बाबा म्हणाले. हे उपहासानं होतं की नाही, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

दहा वाजता घरामागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी उभी राहिली. प्रयोग म्हटल्यावर बाबांना साधनं लागत. हाताशी स्टॉपवॉच होतं, आग विझवायला वाळूची बादली होती. टायरखाली रस्ता ओला करायला पाण्याची दुसरी बादली होती. (लेखात तसं म्हटलं होतं.) धाकटी बहीण मंजू नोंदवही घेऊन कट्ट्यावर बसली. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीतच येई. बाबांनी खिशातून खडू काढला आणि मागच्या उजव्या टायरवर एक पांढरी रेघ ओढली. तीच रेघ खाली रस्त्यावरही उतरवली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"चाक फिरलं की नाही, हे डोळ्यांना विचारायचं नसतं. रेघेला विचारायचं."

तोवर शुक्लाजींनी आपल्याबरोबर निम्मी गल्ली आणली होती. कोणी खुर्च्या आणल्या, कोणी मूंगफली आणली.

लेखातली पहिली पायरी होती, हँडब्रेक पूर्ण ओढा. बाबांनी ओढला. पहिला गिअर. इंजिनचा आवाज वाढवा. त्यांनी तो इतका वाढवला की समोरच्या प्लॉटवरची म्हैस उठून उभी राहिली. आता क्लच एकदम सोडा.

गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली.

"लिही," बाबा खिडकीतून म्हणाले.

"झटका एक. धुआँ शून्य," मंजू लिहीत म्हणाली.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा आचका मोठा, धूर शून्य. प्रेक्षकांतून सल्ले सुरू झाले. "डॉक्टर साहब, थोड़ा पानी और!" "अरे नहीं, पानी से ही तो बंद हो रही है!" आई मला हळूच म्हणाली, "अरे, पुरे म्हण ना. ते तुझं ऐकतील."

माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो फॉर्म होता. मी खिडकीशी गेलो आणि म्हणालो, "बाबा, क्लच एकदम नका सोडू. अर्ध्यावर धरून ठेवा, आणि ॲक्सिलरेटर दाबत राहा."

"हे लेखात आहे?"

"असायला हवं होतं." (उपसंपादकाच्या अधिकारात ऐन वेळी केलेली दुरुस्ती!)

बाबांनी क्लच अर्ध्यावर धरला. इंजिन किंचाळू लागलं. गाडी जागेवर थरथरत होती. दहा सेकंद, पंधरा सेकंद, आणि मग गाडीखालून पांढरट धुराचा एक झोत निघाला. पाठोपाठ दुसरा. मग तर धुराच्या लाटाच! गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

"वाह, डॉक्टर साहब! वाह!" शुक्लाजी खुर्चीवर चढले. "लड़के ने सच लिखा था!"

मी धुरात उभा राहून ओरडलो, "बाबा, फाडा! फाडा तो फॉर्म!"

बाबांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि कोणाकडेही न बघता मागच्या चाकाशी उकिडवे बसले. टायरवरची पांढरी रेघ आणि रस्त्यावरची पांढरी रेघ एकमेकींना अगदी चिकटून होत्या. केसभरही हललेल्या नव्हत्या.

"चाक फिरलेलं नाही," ते म्हणाले. मग नाकानं हवा ओढली. "मग हा धूर कशाचा?"

जळक्या वासाचा अर्थ सगळ्यांत आधी म्हशीला कळला असावा. ती केव्हाच निघून गेली होती.

गाडी पुन्हा सुरू झाली, पण हलेना. इंजिन ओरडे आणि चाकं स्वस्थ बसून असत. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांनीच ढकलून ती आमच्या फाटकापर्यंत आणली. नाक्यावरचे मिस्त्री आले. वयस्कर गृहस्थ, बोलणं खास लखनवी. गाडीखाली शिरले, बाहेर आले, हात पुसले आणि छातीवर ठेवले.

"हुज़ूर, क्लच प्लेट तो जन्नत सिधार गई. ये मशविरा आपको किसी दुश्मन ने दिया था?"

"नहीं," बाबा म्हणाले. "बेटे ने. छपा हुआ था."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. अतिशय अदबीनं नजर वळवून घेतली. त्या अदबीपेक्षा शिवी परवडली असती.

दुपारी मी सायकलनं ऑफिसात गेलो. कापलेला मजकूर आमच्याकडे टेबलावरच्या एका टोकदार सळईत खोचून ठेवत. त्या चार ओळी तिथेच होत्या. 'ही रीत फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. ज्या गाडीत इंजिनची ताकद मागच्या चाकांना मिळते, तिथे हँडब्रेक नेमका त्याच चाकांना धरून ठेवतो. अशा गाडीत हे चुकूनही करू नये, क्लच जळेल.'

आमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी. तेव्हा लखनौतल्या बहुतेक गाड्या तशाच होत्या.

मी तो कागद घरी नेला आणि बाबांपुढे ठेवला. दडवून ठेवता आला असता. पण तो त्यांना कधी ना कधी सापडला असता, असं मला वाटलं. त्यांनी तो वाचला.

"हे का कापलंस?"

"जागा नव्हती."

"मग मथळा एका ओळीत का नाही बसवलास?"

मी मनातल्या मनात मथळ्याची अक्षरं मोजली. बसला असता.

सोमवारी सकाळी मी अंघोळ करून, पेन घेऊन टेबलाशी बसलो. शब्द म्हणजे शब्द. काचेवर फॉर्म पडलेला होता. मी त्यावर नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं. एवढ्यात बाबा आले, त्यांनी फॉर्म माझ्या हाताखालून ओढला आणि त्याचे चार तुकडे केले.

"अहो, पण लेख तर चूक निघाला!" आईच बोलली.

"म्हणूनच," बाबा म्हणाले. "जो माणूस जागेसाठी अट कापतो, त्याला मी प्रयोगशाळेत पाठवणार नाही. पेपरातच राहू दे. तिथे फक्त गाड्या जळतात."

तीन वर्षं ज्या परवानगीची वाट पाहिली, ती अशी मिळाली. मी चहा न घेताच कामावर गेलो.

पुढच्या रविवारी मी चार ओळींचा भूलसुधार, म्हणजे चुकीची दुरुस्ती, छापला. गाडीला नवी क्लच प्लेट बसली. फॉर्मच्या जागी काचेखाली आईनं कॅलेंडरातलं फुलांचं चित्र ठेवलं.

काही महिन्यांनी मी आणि बाबा अलीगंजला निघालो होतो. चौकात हवालदारानं गाडी थांबवून कागद मागितले. बाबांनी प्लास्टिकची पिशवी त्याच्या हातात दिली. त्यानं एकेक कागद पाहिला आणि शेवटी वर्तमानपत्राचं एक छोटं कात्रण वर धरलं.

"और ये क्या है, साहब?"

"मेरे बेटे का लिखा है," बाबा म्हणाले.

मी सीटवर ताठ बसलो. माझं लिखाण त्यांनी कापून ठेवलं होतं, आणि तेही गाडीच्या कागदपत्रांत! हवालदारानं सलाम ठोकून पिशवी परत केली. मी कात्रण हातात घेतलं.

तो माझा भूलसुधार होता. त्यात लाल पेनानं दोन शब्दांभोवती गोल केले होते आणि त्यांच्या जागा बदलणारे बाण काढले होते. घाईत मी पुढची आणि मागची चाकं उलटी छापली होती. म्हणजे आमच्यासारखी गाडी असलेल्या तमाम लखनौकरांना मी हा प्रयोग बेलाशक करायला सांगितलं होतं. समासात बाबांच्या बारीक अक्षरात शेरा होता: 'कापायच्या चार ओळी याच होत्या.'