मी गाडीचे खांदे शेकले

आमच्या घरी आता बैल नाहीत, आणि त्याला कारण मी आहे.

दोन होते, लाल्या आणि चांद्या. ते शेजारच्या नामदेवभाऊंना विकून मी गाडी केली. (घेतली नव्हे, केली.) चंद्रपूरच्या भंगारातून आणलेलं जुन्या व्हॅनचं इंजिन, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग, लग्नमंडपातून बाद झालेल्या सोफ्याची सीट, आणि या सगळ्यांना एकत्र नांदवणारं माझं वेल्डिंग. उजवीकडे वळायचं म्हटलं की गाडी आधी थोडा विचार करते, पण वळते.

बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि एकच प्रश्न विचारला, "हे शेण देते का?"

त्यानंतर ते गाडीत कधी बसले नाहीत. चामोर्शीला जायचं तरी एस.टी.ची वाट बघत उभे राहायचे, आणि मी समोरून रिकाम्या सोफ्यासकट जायचो.

पोळा जवळ आला, गावची गुरं जमतात त्या आखरावर तोरणाचे खांब उभे राहिले. शेवटी बाबा बोलले, "सारं गाव आखरावर बैल घेऊन उभं राहीन. मी का घेऊन उभा राहू, पाना?"

मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी जास्त बोलतो, तसा बोललो. "बाबा, आपली गाडी तोरणाखालून नेतो ना. सोताच्या चाकानं जाईन. नाई गेली तं भंगारात देतो अन् दुसऱ्या दिवशी बैलजोडी आणतो."

"ठरलं," बाबा म्हणाले. आणि वर, "भंगारवाल्याचा नंबर आहे ना तुह्यापाशी?"

आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद घातलेलं कोमट तूप पळसाच्या पानांनी लावायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मायनं सवयीनं वाटीत तूप गरम केलं, हळद कालवली, आणि वाटी हातात घेऊन रिकाम्या गोठ्यात उभी राहिली.

"आता कोनाचे खांदे शेकू मी?"

मी वाटी घेतली आणि म्हणालो, "गाडीचे."

पण गाडीचा खांदा कुठे असतो? (बाबा म्हणाले असते, नसतोच.) मी मेकॅनिकच्या डोक्यानं विचार केला. ओढतं इंजिन, आणि इंजिनाला ठिणगी देणारे असतात दोन पॉइंट. एका काळ्या टोपीखाली बसून ते सारखी उघडझाप करतात. त्यांच्या टाचेला ठिपकाभर ग्रीस लावतात, हे मला ठाऊक होतं. मग ग्रीसपेक्षा तूप केव्हाही पवित्र! टोपी काढली आणि पळसाच्या पानानं टाच, टोक, आजूबाजू, सगळं मनोभावे शेकलं. आवतनही दिलं. माय पदरानं डोळे पुसत हसली. मला वाटलं, आपण फार गुणी मुलगा आहोत.

दुसऱ्या दिवशी गाडीला बाशिंग बांधलं, घुंगरमाळ घातली, बॉनेटवर लाल्याची जुनी झूल टाकली. आमचं घर आखरावरच. समोर बैलांची रांग लागली, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या. मी किल्ली फिरवली.

घर्र, घर्र, घर्र. बस.

पेट्रोल होतं. हॉर्न दणक्यात वाजत होता, म्हणजे बॅटरीही ठणठणीत. प्लग काढून इंजिनाला टेकवला, ठिणगी नाही. नवा प्लग लावला, ठिणगी नाही. कॉइल बदलली, वायर बदलल्या. तोवर अर्धं आखर माझ्याभोवती.

"नजर लागली असन."

"उतारावरून ढकला ना."

"बैल काऊन इकले पण?" हा प्रश्न तीन दिशांनी आला.

मी टोपी उघडून पॉइंट पाहिले. पिवळेधमक, तुपानं चकचकीत. "इथी तं काईच खराबी नाई," मी जाहीर केलं. "इथी मीन कालच सोताच्या हातानं तूप लावलं."

हे मी मोठ्यानं बोललो. लोकांनी ऐकलं. तरीही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

शेवटी कॉइलपासून टोपीत जाणारी वायरच काढून हातात धरली. करंट येतो की नाही, अंगावरच बघू म्हटलं. नामदेवभाऊ किल्ली फिरवायला सीटवर चढले. लाल्याचा कासरा त्यांनी बाबांच्या हाती दिला, आणि लाल्याला वास आला. दरवर्षीचं, हक्काचं, हळदीचं तूप! त्यानं बाबांना ओढत आणलं, मला बाजूला सारलं, इंजिनात तोंड घातलं आणि पॉइंट चाटून साफ केले.

"अरे, ते तुहे खांदे नाई होत!" बाबांनी त्याला मागे ओढलं आणि लाळ खराब दिसते म्हणून खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पॉइंट कोरडे पुसले. मी हे सगळं बघत उभा होतो, वायर धरून. तेवढ्यात नामदेवभाऊंनी किल्ली फिरवली.

ठिणगी सापडली. माझ्यात.

मी उडालो तो थेट शेणात बसलो. (गाडी शेण देत नसली तरी मिळवून देते.) तिथे बसल्यावर मात्र सगळं लख्ख कळलं: पॉइंटच्या टोकांवरच्या माझ्या तुपानंच करंट अडवला होता, आणि लाल्यानं तो चाटून मोकळा केला. बूड झटकत उठून मी वायर जागेवर लावली, टोपी बसवली. गाडी एका किल्लीत सुरू झाली.

बाबांनी कासरा नामदेवभाऊंना परत दिला, सोफ्याची सीट झटकली आणि पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले. मला इतका आनंद झाला की क्लच सुटता सुटेना.

"चाल," ते म्हणाले. "पण लाल्याच्या मांगून. ज्यानं सुदरवली, त्याचा मान पयला."

असे आम्ही तोरणाखालून गेलो. घरी मायनं गाडीची चाकं धुतली, ओवाळलं आणि पुरणपोळीचं ताट समोर धरलं. बाबांनी ते ताट उचललं आणि नामदेवभाऊंच्या गोठ्यात नेऊन लाल्यापुढे ठेवलं.

गाडी अजून आहे, बाबा तिच्यातूनच चामोर्शीला जातात. ती रस्त्यात बंद पडली, की मी पाना शोधतो आणि ते सीटवरून न हलता विचारतात, "लाल्याले बोलावू का?"

परवा मी हो म्हणालो.